शेवग्याच्या पाल्याचा भात

माणसाला जेवण आवडलं का, हे त्याला विचारू नये. त्याचं ताट बघावं. "मावशी, एक नंबर" म्हणणारा वाटीत अर्धी भाजी ठेवून उठतो, आणि "आज मीठ चढलं" म्हणून कुरकुरणारा ताट पुसून मोकळा होतो. म्हणून माझ्या खाणावळीत भांडी घासायला बाई होती, पण ताटं मी स्वतः उचलायची. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही. वाळूजच्या त्या दोन खोल्यांत उभं राहून राहून आली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, काय लिहू, भाकरी कशी थापायची ते? ते म्हणाले, गिऱ्हाइकांविषयी लिहा. आता गिऱ्हाइकं लई झाली. आमटीत पाणी किती यावर रोज पंचायत भरवणारी पोरं झाली. पोळीवर ठेचा आणि त्या ठेच्यावर परत ठेचा घेणारा गंगापूरचा एक फिटर झाला. गुरुवारी कडक उपास करून शुक्रवारी दोन्ही दिवसांचं एकदम वसूल करणारा सुपरवायझर झाला. त्याला मी म्हणायची, "भाऊ, देवाला फसवता ते फसवा, मला कशाला?" पण लिहायला बसले की यांच्यातलं कुणी डोळ्यापुढं येत नाही. एक ताटच येतं. त्यात हिरवा भात आहे आणि तो अर्धा तसाच राहिलाय.

माझं माहेर लासूर स्टेशनच्या पलीकडं. बाप मेंढरांमागं हिंडायचा, आम्ही पोरी शेळ्या बघायचो. लग्न झालं, मालकांना कारखान्यात काम लागलं, तशी मी वाळूजला आले. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या घरामागं ज्वारीचं रान होतं. मालक अचानक गेले. मुलगा शिकत होता. मला रांधणं तेवढं येत होतं, तेच बाहेरच्या खोलीत मांडलं. सुरुवातीला काही जण विचारायचे, "मावशी, गाव कोणतं?" गाव सांगितलं की आडनाव. आडनाव सांगितलं की जरा गप्प. मी म्हणायची, "पोटभर विचारा, मग पोटभर जेवा." त्यातले निम्मे जेवायचे, निम्मे उद्या येतो म्हणून जायचे. तेव्हापासून मी एक नियम केला. शिजलेल्या अन्नाला माझा हात लागणार नाही. भात पळीनं, भाजी पळीनं, भाकरीसुद्धा चिमट्यानं. माझ्या हाताचा कुणाला विटाळ नको आणि मला त्यांच्या तोंडाची बोलणी नकोत. हा नियम मी इतका पाळला की पुढं पुढं घरच्या जेवणातही पळी सुटली नाही.

बाहेरच्यांना वाटतं, खाणावळीत अवघड काम म्हणजे भाकऱ्यांचा ढीग. नाही. अवघड असते पालेभाजी. ती बाजारात स्वस्त दिसते, पण तिला पाण्यावर पाणी लागतं. पहिल्या पाण्यात माती जाते, दुसऱ्यात कचरा, आणि तळाशी बारीक वाळू तरी राहतेच. ती दाताखाली कचकन आली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाणावळीत. पाऊस ओळीनं काही वर्षं रुसला, नळ कोरडे पडले आणि सगळी वस्ती टँकरवर आली, तेव्हा मेथी धुवायची म्हणजे चैन झाली. तेवढ्या पाण्यात सगळ्यांची डाळ शिजली असती. शहागंजात भाजी घ्यायला जायची मी, तर तिथल्या जुड्याही धुळीनं माखलेल्या, देठ सुतळीसारखे. मग पालेभाजी बंदच केली. बटाटा, वांगं, पिठलं, मटकी. पोरांनी काही तक्रार केली नाही. पोरांना बटाटा दिसला की त्यांचं सगळं बरं असतं.

एक झाड मात्र हिरवं होतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये आमच्या मोरीचं पाणी जायचं, तिथं शेवगा आपसूक उगवला होता. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, सगळं त्याला. भोवतालचं गवत करपून गेलं तरी हा आपला टवटवीत. आमच्यात पावसाळ्यात कधीतरी डाळ घालून त्याच्या पाल्याची भाजी करतात, पण ताटात त्याला फार मान नाही. लहानपणी आकडीनं फांद्या ओढायच्या आणि शेळ्यांपुढं टाकायच्या, एवढीच माझी त्याची ओळख.

राघवन साहेब आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे मद्रासकडचे. इथल्याच एका कारखान्यात यंत्रांची हत्यारं बनवायच्या खात्यात सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. बायको होती तोवर ते माझ्या पायरीवर चढले नव्हते. कशाला चढतील? ती बाई गेली, दिवस झाले, आलेले पाहुणे परत गेले, आणि एका दुपारी साहेब माझ्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"बाई, जेवायला मिळेल?"

"त्याच्यासाठीच उघडलंय की. या."

तेव्हापासून रोज यायचे, पोरं जेवून कामावर गेली की. खिडकीजवळ बसायचे. मी विचारायच्या आत म्हणायचे, "अच्छा आहे, बाई." रोज तेच आणि रोज ताट अर्धं. भाकरी मोडलेली, भात चिवडलेला. शर्टाची कॉलर हळूहळू गळ्याभोवती ढिली व्हायला लागली. मी ते ताट उचलायची आणि मोरीपाशी नेऊन परत एकदा बघायची.

त्या वेळी माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. त्याचा फोन रविवारी. घरात दिवसभर माणसांची ये-जा, पण पोरं काय बोलतात? "मावशी, भात." "मावशी, आमटी." साहेब मात्र हात धुऊन जरा बसायचे. आम्ही तरी काय मोठं बोलायचो! टँकर आला का. ऊन किती वाढलं. समोरची बिल्डिंग किती वर गेली. ते त्यांच्या रिकाम्या घरात एकटे आणि मी माझ्या भरलेल्या घरात एकटी, दुपारचा तेवढा वेळ दोघांचा बरा जायचा. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. खाणावळवाली बाई असं बोलली की लोक भलतंच धरून बसतात.

एकदा त्यांच्या मुलीचा, जानकीचा, फोन आला. ती वाळूजलाच वाढलेली, मराठी आपल्यासारखं बोलते. लग्न होऊन कोईमतूरला गेलेली.

"मावशी, खरं सांगा. अप्पा जेवतात का?"

"अर्धं ताट टाकून उठत्यात, पोरी."

ती म्हणाली, "दिवाळीला मी येते आणि त्यांना घेऊनच जाते. नाही म्हणतील, पण असं वाळत कसं ठेवू त्यांना? जेवत असते तर राहू दिलं असतं."

मी विचारलं, "आईच्या हातचं त्यांना काय आवडायचं?"

"कीरै सादम. म्हणजे पालेभाजीचा भात. त्यात शेवग्याचा पाला असला की अप्पांना दुसरं काही नको."

फोन ठेवला आणि मागच्या दारातून त्या झाडाकडं बघितलं. म्हटलं, दिवाळीच्या आत हा माणूस पोटभर जेवला पाहिजे. जेवला तर राहील. त्यात त्यांचं भलं किती आणि माझा स्वार्थ किती, ते मी तेव्हा वेगळं करून बघितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आकडी लावून पाला काढला. हा पाला निवडणं म्हणजे किरकिरं काम. पानं बारीक, आणि काडी राहिली की घशात टोचते. पण झाडावरचा पाला, मातीशी संबंध नाही, एका पाण्यात धुऊन होतो. दुष्काळात याहून काय पाहिजे? मी माझ्या पद्धतीनं भात केला. शीत न् शीत मोकळं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. साहेबांनी ताटाकडं बघितलं.

"बाई, हे काय आहे?"

"तुमचाच भात. शेवग्याच्या पाल्याचा."

दोन घास खाल्ले. "अच्छा आहे."

मी म्हटलं, "साहेब, खरं सांगा. आमच्याकडं ह्याला शेळीचं जेवण म्हणत्यात."

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "शेळी हुशार आहे, बाई," म्हणाले. आणि अर्धं ताट ठेवून उठले.

संध्याकाळी जानकीला फोन लावला. ती ओरडलीच, "अय्यो मावशी, लसूण? आणि कूट कशाला घातला?" मग तिनं सगळं नीट सांगितलं. तुम्हालाही सांगते, करून बघा. भात आपल्यासारखा मोकळा नको, बाळंतिणीला देतात तसा गुरगुट्या पाहिजे. तूरडाळ गाळ शिजवायची. पाला बेताच्या पाण्यात शिजवायचा आणि त्यावर झाकण ठेवायचं नाही, झाकला की काळा पडतो. मग तो लाकडी रवीनं घोटायचा. ओलं खोबरं आणि जिरं वाटून त्यात घालायचं. तिन्ही एकत्र करून वरून फोडणी. मोहरी, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता आणि उडदाची डाळ. फोडणीत डाळ म्हटल्यावर मला हे अक्रीतच वाटलं. पण मऊ भातात ती तळलेली डाळ दाताखाली आली तेव्हा म्हटलं, बाई, ह्या लोकांना कळतं काहीतरी.

हा भात ताटात बघून साहेब खाली वाकले. वास घेतला. जेवले, आधीपेक्षा चार घास जास्त. तरी राहिलाच. मग मला ईर्षा चढली. तांदूळ बदलून बघितला. चिंचेचा कोळ घालून बघितला, मग काढला. तूप वाढवलं. शहागंजातून नारळ आणायला जायची, तेवढ्यासाठी. खालच्या फांद्या पार बोडक्या झाल्या. पोरं म्हणायला लागली, "मावशी, साहेबांना स्पेशल आणि आम्हाला बटाटा?" मी म्हटलं, "तुम्ही खाताय का शेळीचा चारा? वाढू?" परत बटाट्यावर आली.

शेवटी एकदा साहेबच म्हणाले, "बाई, चव तीच आहे. बरोबर तीच. पण घास उतरत नाही. का, ते मलाही माहीत नाही."

आता ज्याचं त्यालाच माहीत नाही, तिथं मी काय करणार? त्या दिवशी मी हात टेकले.

दिवाळी जवळ आली. पावसाळा तसाच कोरडा गेला होता. पोरं सुटीला आपापल्या गावी गेली, भांडी घासणारी बाईही माहेरी गेली. खाणावळीत मी आणि जेवायला साहेब. नेमका तेव्हा टँकर आला नाही. आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. पोरं जाताना जेवून गेली ती सगळी ताटं मोरीत खरकटी पडलेली, पत्रावळी संपलेल्या. प्यायच्या पाण्याचा एक माठ तेवढा होता. त्यातल्या पाण्यात भात, डाळ आणि पाला शिजवला, आणि परत भांडी खराब नकोत म्हणून सगळं एकाच पातेल्यात घोटलं. लावून खायला थोडी आमटी केली.

साहेब वेळेवर आले. मी दारातच म्हटलं, "साहेब, आज ताट नाय. टँकर आला नाय बघा. घरून एखादं ताट आणता का?"

त्यांनी पातेल्याकडं बघितलं. वाफ येत होती.

"ताट कशाला?" म्हणाले, आणि खिडकीजवळची जागा सोडून थेट आत आले. इस्त्रीच्या कपड्यांनिशी पातेल्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसले आणि उजव्या हाताचा तळवा पुढं केला.

मला काही उमजेना. आमच्यात हातावर प्रसाद घेतात, तीर्थ घेतात. जेवण कोण घेतं हातावर? मी पळी भरून पुढं केली.

"पळी नको," साहेब म्हणाले. "हातानं."

माझा हात काही पुढं होईना. इतक्या वर्षांचा नियम होता. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कोण, मी कोण. माझ्या हाताचं चालंल का तुम्हाला?"

"बाई, भूक लागली आहे," ते म्हणाले.

बायको गेल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. माठातलं पाणी घेऊन हात धुतला. पातेल्यात तूप सोडलं, हातानं भात कालवला, बोटं भाजली, आणि लिंबापेक्षा मोठा गोळा करून त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं त्याला मधे खळगा केला. "यात आमटी," म्हणाले. मी घातली. त्यांनी तळवा तोंडाशी नेला आणि परत पुढं केला. मी देत गेले, ते घेत गेले. मधेच सांगायला लागले. लहानपणी घरात भावंडं पुष्कळ आणि ताटं थोडी. थोरली अक्का मोठ्या पातेल्यात भात कालवायची, सगळी भावंडं भोवती गोल बसायची, ती एकेकाच्या हातावर गोळा ठेवायची. आपली पाळी येईपर्यंत मागचा गोळा संपवायचा. लग्नानंतर त्यांनी बायकोला हे सांगितलं, तर घरात दोनच माणसं आणि ताटं चिक्कार असतानाही ती बाई तसंच द्यायची. जानकीला यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार. तिच्या घरी हा भात असाच खातात.

पातेलं रिकामं झालं. माझ्यासाठी ठेवायचं मी विसरले. मला इतका आनंद झाला होता की मी म्हटलं, "साहेब, उद्या आणखी करते. टँकर न येवो!"

साहेब हात पुसत म्हणाले, "अक्का अजून आहे, बाई. आमच्या गावी. तिला दिसत नाही आता. पण भात कालवते, असं जानकी सांगते." रुमालाची घडी केली. "मला वाटायचं, ही गेली, आता इथं काय आणि तिथं काय, सगळीकडं सारखंच. म्हणून जात नव्हतो. मी आज जानकीला फोन करतो."

"दिवाळीपुरतं जाताय?"

"बघू," म्हणाले, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडं बघत राहिले.

ताट बघणाऱ्या बाईला चेहरा कळायला वेळ लागत नाही. मला राग आला. खरं सांगते, लई राग आला. ज्याच्यासाठी झाड बोडकं केलं, शहागंजच्या फेऱ्या घातल्या, तो माणूस राहावा म्हणून जेवू घातला, आणि जेवला म्हणूनच तो निघाला. रागाच्या भरात मोरीतली खरकटी ताटं राखेनं घासत बसले. पाणी नव्हतंच, तरी घासत बसले. मग रडू आलं.

जानकी आली, घर आवरलं. निघताना साहेब पायरीवर आले. हातात लाकडी रवी होती, त्यांच्या बायकोची, घोटून घोटून गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, "मला कशाला? तुमच्याकडं लागंल की." म्हणाले, "तिथं आहे. इथं नाही." मी घेतली. जाता जाता म्हणाले, "अच्छा आहे, बाई." कशाबद्दल म्हणाले, ते मी विचारलं नाही. रिक्षा सुरू झाली होती.

सुरुवातीला जानकीचे फोन यायचे. "मावशी, अप्पा पोटभर जेवतात. आत्याच्या हातचं." मग फोन कमी झाले. पुढं एकदा तिनं सांगितलं की अप्पा गेले, शेवटपर्यंत जेवत होते. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आता पाणी आहे. शहराचं नावही बदललं. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, शेवगा भिंतीला चिकटून माझ्या बाजूला झुकला म्हणून वाचला. नवीन पोरं मोबाइलवर जेवण मागवतात. माझे गुडघे गेले तशी खाणावळ बंद केली. मुलगा म्हणतो, पुण्याला ये. जाऊन आले. तिथं इतक्या वरच्या मजल्यावर मोरीचं पाणी कुठं जातं तेच दिसत नाही. माझं मन लागलं नाही.

कधी रविवारी मी हा भात करते. लसूण नाही, कूट नाही, झाकण नाही, त्या बाईच्या रवीनं घोटलेला. मागच्या रविवारी वाटलं, आपणही एकदा हातावर घेऊन बघावा. तशी जमिनीवर बसले. तूप सोडलं, कालवला, गोळा केला, आणि थांबले. ठेवायचा कुठं? देणारा हात उजवा आणि घेणाराही उजवाच. डाव्या हातावर ठेवून बघितला, पण कुणी दिल्यासारखा वाटला नाही. गोळा परत पातेल्यात टाकला. उठून ताट घेतलं, पळीनं वाढून घेतलं आणि खिडकीजवळ बसून जेवले. जेवण झाल्यावर सवयीनं ताट उचललं आणि सवयीनंच त्यात बघितलं. अर्धं राहिलं होतं.